कुंपणापलीकडची एन्के

आयुष्यात प्रथमच लिहिते आहे. या धाडसाची क्षमा असावी.

ग्लेन वेव्हर्ली या ऑस्ट्रेलियन उपनगरात माझ्या शेजारी एक नॉर्वेजियन विधवा राहते. झाडे छाटताना ती बोलते आणि मुद्दा आला की कात्री हवेतच चालवते. लॉकडाउनमध्ये एकदा म्हणाली, "आमच्याकडे विधवेला 'एन्के' म्हणतात. मुळात अर्थ एवढाच, एकटी. त्यात नवरा कुठेच नाही!"

'विधवा' म्हणजे पतीवाचून राहिलेली, असे शिकलेली मीही विधवाच. तो शब्द दिवसभर हरखून पुटपुटत राहिले.

पुढे एकट्या राहणाऱ्यांना घरी येण्याजाण्यासाठी एकच माणूस निवडण्याची मुभा मिळाली. तिला मैत्रिणी पुष्कळ. विचारायचे मला धैर्य होईना. तोच ती कुंपणावरून ओरडली, "मेट, मी तुला निवडलंय! चहा टाक, आलेच!"

मी दाराकडे धावले.

वाचकहो, तुम्हाला असे कोणी निवडले आहे का?