देवळाच्या आडाचं पाणी

एलीम मळ्यावर दिवेलागणीची प्रार्थना झाली की प्रत्येकानं उठून त्या दिवसाचा एक उपकार सांगायचा, अशी रीत होती. काल सांगितलेला आज चालत नसे. पाळकसाहेब जाड पुठ्ठ्याच्या वहीत तो लिहून घेत. कुणी दुखणं उतरल्याचा उपकार सांगे, कुणी पोराला नोकरी लागल्याचा. स्वयंपाकीण नीलम्मा मात्र उठायची, डोईवरचा पदर सारखा करायची आणि म्हणायची, "आज चूल पहिल्याच काडीला पेटली." नाहीतर, "मांजरानं दूध सांडलं, पण निम्मंच सांडलं." शिबिराला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसत. नीलम्माही त्यांच्याबरोबर हसे. पण सव्वीस वर्षांत त्या वहीत तिची ओळ एक दिवसही कोरी राहिली नव्हती.

मळा म्हणायचा तो नावालाच. रेणापूरच्या अलीकडं, माळावर आठ खोल्या, एक प्रार्थनागृह, चार चिंचा आणि एक विहीर. लांबलांबची ख्रिस्ती माणसं इथं तीन दिवस येऊन राहत, गप्प बसत, शास्त्र वाचत, मन भरून रडून घेत आणि हलकी होऊन घरी जात. त्यांना रांधून घालायचं काम नीलम्माचं.

लातूरचा वेगळा जिल्हा झाला तेव्हा गावात पेढे वाटले होते. त्यानंतर पाऊस जो रुसला तो रुसलाच. दोन वर्षं ज्वारी कणसात दाणा भरायच्या आधीच करपली. "जिल्हा आला आन् पाणी गेलं," असं लोक म्हणू लागले. उन्हाळा लागला तसं नव्या रस्त्याचं रोजगार हमीचं काम निघालं आणि मळ्याच्या कुंपणापलीकडंच खडी फोडणाऱ्यांची पालं पडली. पाळकसाहेबांनी विहिरीकडचं फाटक उघडं टाकलं. "ज्याला पाहिजे त्यानं न्यावं," एवढंच म्हणाले.

त्या फाटकातून सगळे आले. एक बाई आली नाही. ती नीलम्माची थोरली बहीण, शिवगंगा.

नीलम्मानं तिला लांबूनच ओळखलं. पाठीत वाकली होती, केस पांढरे झाले होते, पण घण उचलताना खालचा ओठ दाताखाली धरायची सवय तीच. आई गेल्यावर याच शिवगंगेनं नीलम्माला काखेत वागवून वाढवलं होतं. एकोणिसाव्या वर्षी नीलम्मा विधवा होऊन परत आली तेव्हाही तिनंच दार उघडलं होतं. पण घरच्या कार्यात विधवेनं पुढं यायचं नाही, हे मात्र अक्कालाही मोडवलं नाही. मग शिवणकाम शिकायला म्हणून नीलम्मा या मळ्यावर आली. पहिल्याच दिवशी पंगत बसली होती. कुणीतरी तिच्या हातात वरणाचं भांडं दिलं आणि म्हणालं, "बाई, तुम्ही वाढा." ती वाढत गेली आणि रडत गेली. दोन वर्षांनी तिनं बाप्तिस्मा घेतला.

लिंगायताच्या घरी लेकरू जन्मलं की त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात. ते जन्मभर अंगावर आणि मेल्यावर अंगाबरोबर मातीत. नीलम्मानं ते गळ्यातून काढलं तेव्हा शिवगंगा मळ्याच्या फाटकापाशी उभी होती. आत आली नाही. हात पुढं केला, बहिणीचं लिंग घेतलं, पदरात बांधलं आणि म्हणाली, "आजपासून तुझ्या हातचं पाणी मला इटाळ." गेली. सव्वीस वर्षं चिठ्ठी नाही, चपाटी नाही.

आणि आता ती कुंपणापलीकडं होती. हाक मारली तर ओ ऐकू यावी इतकी जवळ.

त्या दिवसापासून नीलम्माच्या जिवाला एकच घोर लागला. अक्कानं आपल्या हातचं घोटभर पाणी घ्यावं. बोलू नये, वर बघू नये, चालेल. पण घ्यावं.

खडीवाल्या टोळीत पारूबाई होती, भोकरकडची, बौद्धवाड्यातली. जीभ तिखट, मन मऊ. ती रोज विहिरीवर यायची. नीलम्मानं अक्कासाठी तिच्याकडं भाकरी दिली. भाकरी परत आली.

"तुमची अक्का लई ताठ हाय," पारूबाई म्हणाली. "माझ्या हातचं चालत न्हाई, तुमच्या हातचं चालत न्हाई. मंग काय आभाळातून डायरेक तोंडात पडंल? मी म्हणलं, म्हातारे, शिवशंकर बी भीकच मागत फिरायचा की."

"मंग काय म्हणली?"

"म्हणली, त्याला चालतंय, तो देव हाय."

नीलम्माला हसू आलं आणि डोळेही भरले. मग तिला सुचलं. शिजवलेलं चालत नाही, पण कोरडा शिधा चालतो. कोरड्या धान्याला विटाळ नसतो, हे अक्कानंच तिला लहानपणी शिकवलेलं. मळ्यावर दर स्वयंपाकाआधी ज्वारीची पहिली मूठ देवाच्या मडक्यात टाकायची पद्धत होती; ते धान्य गरजवंताला जाई. पाळकसाहेबांना विचारून तिनं त्यातलं दोन ओंजळी धान्य पारूबाईच्या ओच्यात घातलं.

दुसऱ्या दिवशी पारूबाई आली ती हात झाडतच. "घेतलं बया! दोन्ही हातांनी घेतलं. म्हणली, मिशनला सांग, पावलं."

"पावलं म्हणली? आन् माझं नाव?"

"तुमचं नाव न्हाई घेतलं. पण तुमच्या चुलीच्या धुराकडं बघून राहिली होती."

त्या संध्याकाळी नीलम्माचा उपकार वहीत असा पडला: माझ्या अक्काला ज्वारी पावली. कुणी हसलं नाही.

ज्वारी पावली, पण पाण्याचं कोडं सुटेना. शिवगंगा सकाळी उठून कोसभर लांब वस्तीवरच्या महादेवाच्या देवळाच्या आडावरून कळशी आणायची. उन्हं वाढली तशी तिच्यानं तेही होईना. मग तिनं नाल्यात खोदलेल्या झिऱ्याचं पाणी प्यायला घेतलं. त्याच झिऱ्यावर जनावरं तोंड लावत. मळ्याची विहीर तिच्या पालापासून पन्नास पावलांवर होती. नीलम्मा कुंपणाशी उभी राहून ती पावलं डोळ्यांनी मोजायची आणि परत फिरायची. आपण गेलो आणि ती आणखी लांब कुठं निघून गेली तर, हीच भीती. पाळकसाहेब म्हणाले होते, "नीलम्माबाई, आपण जाऊन बोलू का?" ती म्हणाली, "नगं. तिला हट्ट करू द्या. उतरंल." हे आपलं वाक्य तिला पुढं फार दिवस बोचत राहिलं.

गुरुवारी सकाळी नांदेडच्या चाळीस बायकांचं शिबिर यायचं होतं. त्यांना लातूरच्या स्टँडवरून आणायला मळ्याची जीप गेली होती. नीलम्मा कांदा चिरत होती. तेवढ्यात पारूबाई धावत आली, पायात चप्पल नाही.

"चला आधी! म्हातारीला रातीपासून हगवण लागली. आता डोळे फिरवून राहिली."

"वीरण्णा कुठाय?" वीरण्णा म्हणजे शिवगंगेचा पुतण्या, त्याच्याच बरोबर ती कामावर आली होती.

"त्यो काल लातूरला गेला, नव्या कचेरीच्या बांधकामावर काम बघाया. मी गाडी-बैल बघते कुणाचे मिळतेत का. तुम्ही तिच्यापाशी बसा."

नीलम्मानं तांब्या उचलला, विहिरीच्या पाण्यानं भरला आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ते कुंपण ओलांडून बहिणीकडं गेली.

पालात माश्या होत्या. शिवगंगा गोधडीवर पडली होती, ओठ फुटलेले, गाल आत गेलेले. नीलम्मानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. म्हातारीनं डोळे उघडले. ओळख पटायला वेळ लागला नाही.

"नीली."

"हाव अक्का."

शिवगंगेची नजर तांब्याकडं गेली. "पाणी कुठलं हाय?"

नीलम्मा खोटं बोलत नसे. तिखट जास्त पडलं तर पंगतीत उभी राहून सांगणारी बाई ती. पण तांब्या हातात होता आणि समोरचे ओठ फुटलेले होते.

"देवळाच्या आडाचं," ती म्हणाली. "वीरण्णानं आणून ठेवलं."

शिवगंगेनं तोंड उघडलं. नीलम्मानं थोडं थोडं पाणी ओतलं. पहिला घोट गिळून म्हातारी थांबली. जीभ ओठांवरून फिरवली. मग तिच्या चेहऱ्यावर, त्या तसल्या अवस्थेतही, लहानपणी नीलम्मानं चोरून गूळ खाल्ला की यायचा तसा भाव आला.

"लबाड," ती म्हणाली. "देवळाचा आड तर खारा हाय. मिठावाणी."

नीलम्मानं तांब्या खाली घेतला. बाप्तिस्मा झालेल्या बाईला त्या आडाची पायरी चढायची मुभा नव्हती. पाण्याची चव तिला कुठून ठाऊक असणार? सगळ्या पंचक्रोशीला जे माहीत होतं ते तिला एकटीला माहीत नव्हतं.

"अक्का, मी..."

"पाज."

"अक्का, हे आमच्या..."

"कळलं मला. पाज म्हणते ना."

ती प्याली. घोट घोट करून सगळा तांब्या प्याली. शेवटचे दोन घोट पोटात टिकले नाहीत, पण प्याली. नीलम्मा तिचं तोंड पदरानं पुसत राहिली. बाहेर घणांचे आवाज चालूच होते.

मग शिवगंगा गळ्याशी चाचपडू लागली. तिच्या गळ्यात दोन दोरे होते. एक तिचा. दुसरा जुना, काळा पडलेला, गाठी मारमारून टिकवलेला. तिनं त्याचं लिंग मुठीत धरलं आणि मूठ नीलम्मापुढं केली.

"तुझं हाय. माझ्यासंगं वागवलं, म्हणलं तुला इसरू नये शिवानं. आता माझ्यानं व्हत न्हाई. घे."

नीलम्मानं त्या मुठीकडं बघितलं. घ्यायला काय लागत होतं? हात पुढं करायचा. आता कुणाला कळणार होतं? पण ज्या दिवशी तिनं ते काढलं होतं त्या दिवशी ती खोटं बोलली नव्हती, आणि जे तिला मळ्यावर मिळालं तेही खोटं नव्हतं. आत्ता हात पुढं केला तर अक्का समजणार की नीली परत आली. ती परत आली नव्हती. एक लबाडी तिनं करून झाली होती आणि ती पकडलीही गेली होती. दुसरी तिच्या हातून होईना.

"अक्का," ती म्हणाली, "मी न्हाई घेऊ शकत गं."

शिवगंगा तिच्याकडं बघत राहिली. रागावली नाही. मूठ तशीच धरून ठेवली, वाटेवर कुणाची वाट बघावी तशी. नीलम्मानं ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली, पण तिच्या खाली आपला तळवा धरला नाही. थोड्या वेळानं मूठ जड झाली. पारूबाई कुणाची तरी बैलगाडी घेऊन आली तेव्हा उशीर झाला होता. दुपारी जीप पहिली खेप घेऊन आली. जीपमधून उतरणाऱ्या बायका फाटकातच गाणं म्हणत होत्या. कुणीतरी त्यांना खुणेनं गप्प केलं.

वीरण्णा निरोप मिळून त्याच संध्याकाळी आला. सकाळी वस्तीवरून जंगम आला. शिवगंगेला आंघोळ घातली, भस्म लावलं, बसवून माळावरच्या खड्ड्याकडं नेलं. नीलम्मा लांब, बाभळीपाशी थांबली. वीरण्णानं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि मान फिरवली. ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. जंगमाचा आवाज मात्र तिला ऐकू आला.

"हे दुसरं लिंग कुणाचं रे?"

"काय म्हाईत," वीरण्णा म्हणाला. "तिच्याच गळ्यात असतंय सदा. तिचंच असंल."

"मंग तिच्याच हातात ठिवा."

ठेवलं. वर माती पडली. नीलम्मा परत आली तेव्हा पारूबाई तिच्या बाजूनं चालत होती. फाटकाशी पोचल्यावर एवढंच म्हणाली, "पाणी प्याली ना? बास. लई माणसं तेवढं बी न करता जात्यात."

नीलम्मानं चाळीस बायकांचा स्वयंपाक केला. ज्वारीची पहिली मूठ मडक्यात टाकली. मूठ उघडताना बोटं क्षणभर उघडेनात.

आदल्या संध्याकाळी सभा झाली नव्हती; ती आज बसली. विहिरीचं पाणीही आता तळाला गेलं होतं, आणि बायकांच्या उपकारांत त्या वर्षी फारसा ओलावा नव्हता. एकीनं प्रवास सुखरूप झाल्याचं सांगितलं, दुसरीनं सावली मिळाल्याचं. नीलम्माची पाळी आली. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "नीलम्माबाई, आज नाही सांगितलं तरी चालेल. प्रभूला कळतं."

ती उठली. पदर सारखा केला.

"काल माझ्या अक्कानं माझ्या हातचं पाणी घेतलं," ती म्हणाली. "मी लबाडी केली, ती तिनं वळखली, आन् तरी घेतलं. त्याबद्दल उपकार."

पाळकसाहेबांनी लिहिलं. लेखणी उचलली. पण नीलम्मा बसली नव्हती.

"तिनं हात पुढं केला. तिच्या हातचं मी घेतलं न्हाई. घेऊ शकले न्हाई." तिनं वहीकडं बोट केलं. "हे बी लिवा."

"बाई, ही उपकारांची वही आहे," पाळकसाहेब म्हणाले. बोलण्यात नाराजी नव्हती, अडचण होती.

"हाव, म्हाईत हाय मला. त्याच्याखालीच लिवा. तिनं माझ्यासाठी जेवढं ओलांडलं तेवढं मला न्हाई ओलांडता आलं. उद्या माझ्या तोंडून चुलीचं न् मांजराचं यील, सवयच हाय मला. पण ही ओळ तिथं असू द्या. म्हंजे मला वाचता यील."

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला आणि उपकाराच्या खाली दुसरी ओळ लिहिली. नीलम्मा खाली बसली. पुढच्या बाईची पाळी होती, पण ती उठली नाही. प्रार्थनागृहाच्या खिडकीतून माळ दिसत होता, आणि त्यावरची ताजी, काळी माती.