बारदान वजा करणारे व्याही

स्वतःच्या जावयाला भर अंगणात, त्याच्या बापाच्या तोंडावर नववा नंबर देणारा सासरा जगात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला व्याही म्हणून आला. मी धंद्यातला माणूस आहे. सुकापूरला माझं रेती, विटा, सिमेंटचं दुकान आहे. भाड्याच्या टेम्पोपासून सुरुवात करून ते मी उभं केलं. भट्टीवाला असो की बिल्डर, त्याने सांगितलेल्या पहिल्या भावाला मी आजवर कधी मान डोलावलेली नाही. माझा आवाज लवकर चढतो, हे मान्य. पण तो चढला की समोरच्याचा भाव उतरतो, हा माझा अनुभव आहे. हा अनुभव सगळीकडे लागू पडतो, फक्त गव्हाणला एका अंगणात पडत नाही.

तर हे माझे व्याही, म्हणजे माझ्या सुनेचे वडील, शर्यतीतल्या ड्रायव्हरांचे नंबर काढतात. शर्यत बैलगाड्यांची. आमच्या भागात छकडा हाकणाऱ्याला ड्रायव्हरच म्हणतात. भात कापून शेतं मोकळी झाली की शर्यतींचा हंगाम सुरू होतो आणि मे सरेपर्यंत चालतो. दोन छकडे शेजारी शेजारी सुटतात, आधी पोचेल त्याच्यावर गुलाल पडतो. बैलाचं नाव होतं, मालकाचा फोटो बॅनरवर लागतो आणि ड्रायव्हर कपड्यांवरची धूळ झटकत घरी जातो. व्याह्यांना हा हिशेब कधीच पटला नाही. ते हंगामभर शर्यती बघतात आणि मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी अंगणात बसून बारा ड्रायव्हरांचे नंबर तोंडाने सांगतात, बाराव्यापासून पहिल्यापर्यंत. बक्षीस नाही, नारळ नाही, माईक नाही. पहिला नंबर सांगून झाला की ते आपल्या वेताच्या खुर्चीवरून उठतात, त्या ड्रायव्हरला तिच्यावर बसवतात आणि स्वतः पायरीवर बसून चहा पितात. ती खुर्ची एका बाजूला कलते, पाठीला सुतळी बांधलेली आहे, मी रद्दीतसुद्धा घेणार नाही. पण शर्यतीत मोटारसायकल जिंकलेली पोरं त्या रविवारी अंघोळ करून, इस्त्रीचे शर्ट घालून त्या अंगणात मांडी घालून बसतात, आणि नाव येईपर्यंत फोनला हात लावत नाहीत.

व्याह्यांची सगळी नोकरी मिठागराच्या कचेरीत तोलाईवर गेली. मिठाची गोणी काट्यावर चढली की रिकाम्या गोणीचं वजन आधी वजा करायचं. त्या गोणीला बारदान म्हणतात. पुढे मिठागरांवर भराव पडले, कचेरी गेली, काटा गेला, पण माणसाची वजा करायची सवय गेली नाही. आमच्या पोरांच्या लग्नात जेवण फार छान झालं म्हणून सगळे आचाऱ्याचं कौतुक करत होते. व्याही म्हणाले, "तांदूळ तुमी भारी आनलावता. तांदूळ वजा करा, मग बोला." मी विचारलं, मग काय उरतं? म्हणाले, "आमटी. ती बरी हाय." माझी बायको कौतुकाने म्हणाली, नवरी किती देखणी दिसते! नवरीचे हे सख्खे वडील शांतपणे म्हणाले, "शालू वजा करा." एकदा पनवेल स्टँडवरून आम्ही दोघं रिक्षाने गव्हाणला निघालो होतो. उतरताना मी भाड्यावरून भांडत होतो, तेवढ्यात हे रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "खड्डे वजा केले तर तू या रस्त्यावरचा तिसरा." रिक्षावाला इतका खूश झाला की मी उतरवलेला भाव त्याने तक्रार न करता घेतला. उरणच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कंटेनरच्या ड्रायव्हरांनाही त्यांच्याकडे नंबर आहेत. रिकामा ट्रेलर जो भरल्यासारखा सांभाळून वळवतो, तो वर. एवढंच काय, सत्यनारायणाच्या पूजेला आलेल्या भटजींचाही नंबर ते मनात लावून ठेवतात, आणि त्यात आरतीला ढोलकी कोण वाजवत होतं ते वजा केलेलं असतं.

शर्यतीच्या मैदानावर सगळं गाव शेवटच्या दोरीपाशी गर्दी करतं. व्याही बसतात मधोमध, धावपट्टीच्या कडेला भेंडीचं झाड आहे त्याच्याखाली, काळी छत्री उघडून. झाड असताना छत्री कशाला, असं विचारायची सोय नाही. तिथून शेवट दिसत नाही आणि त्यांना तो बघायचाही नसतो. ते फक्त हात बघतात. कासरा किती ताणला, कधी सैल सोडला, बैलाच्या शेपटीला बोट लावलं का. शेपटीला बोट लावलं की दोन नंबर खाली. मग त्या माणसाला हंगामभर गुलाल लागो. एकदा कोणीतरी धापा टाकत आला, "काका, वळखा, कोन आला पैला?" व्याही म्हणाले, "मला काय ठाव? माज्यासमोरनं गेले तवा डावीकडचा कासऱ्याला लोंबकळत होता. कोन होता तो?" तो आलेला माणूस म्हणाला, "मीच."

बैल म्हणजे बारदान, हे त्यांचं मुख्य सूत्र. बैलावर जीव टाकणाऱ्या मालकांपुढे हे बोलायला धाडस लागतं. पण हे वाक्य ते बैलाच्या मानेवरून हात फिरवत बोलतात, त्यामुळे मारायला उठलेला मालकही खाली बसतो.

माझा मुलगा छकडा हाकतो. दुकानात तो बसतो तेव्हा गिऱ्हाईक सांगेल त्या भावाला हो म्हणतो, पण बैलांपुढे उभा राहिला की वेगळाच माणूस होतो. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात मी मोठ्या आशेने गव्हाणला गेलो. पहिला नको, लोक बोलतील. दुसरा-तिसरा ठीक, असा माझा अंदाज होता. सातवा आला. बाकीचे उठून गेल्यावर मी विषय काढला.

"व्याही, सातवा जरा जास्त होतो. चौथा करा."

"चौथा दिलेला हाय."

"मग पाचवा. शेवटी आपलं नातं आहे."

"नातं वजा केलं म्हनून सातवा. धरलं असतं तर आठवा झाला असता. जावयाकडनं जास्त अपेक्षा असते."

"सहावा! शेवटचं सांगतो."

"व्याही," ते म्हणाले, "हा विटांचा ट्रक नाय."

सून माझी आणि मुलगी त्यांची, अशी ती पोर मधे चहाचा ट्रे धरून उभी होती. कोणाच्या बाजूने बोलावं हे तिला ठरवता आलं नसावं, कारण त्या दिवशी दोघांच्याही चहात साखर नव्हती.

घरी येऊन मी विचार केला. नंबर कमी का, तर बैल कमी. मी घाटावर गेलो आणि तुफान नावाचा बैल घेऊन आलो. तो घेताना मालकाशी दोन दिवस घासाघीस केली, तिसऱ्या दिवशी तो मालक मला हात जोडून म्हणाला, घेऊन जा, पण आता बोलू नका. तुफानने नाव राखलं. हंगामभर आम्ही गुलालात होतो. सुकापूरच्या नाक्यावर माझा, मुलाचा आणि तुफानचा बॅनर लागला. त्यात तुफानचा फोटो सगळ्यांत मोठा होता, पण ते असो. मेअखेरीस मी नवीन शर्ट घालून गव्हाणला गेलो. बारावा झाला, अकरावा झाला, दहावा झाला, आणि व्याह्यांनी माझ्या मुलाचं नाव घेतलं.

मी उभाच राहिलो. "नववा? एवढा गुलाल उडाला तो काय रांगोळी काढायला?"

"तुफान वजा केला," व्याही म्हणाले. "मग छकड्यावर कासरा धरून बसलेला एक मानूस राह्यला. तो नववा."

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. शेजारच्या घरातून दोघं-तिघं बाहेर येऊन बघून गेले. मुलगा मात्र मांडी घालून तसाच बसला होता आणि सासऱ्याकडे असा बघत होता, जणू त्याला कोणी पहिल्यांदाच काहीतरी खरं सांगितलं. त्याचाही मला राग आला.

पण मी कच्चा माणूस नाही. रस्त्यातच माझ्या लक्षात आलं की या माणसाच्या काट्यावर बैल चांगला आणला तर नंबर पडतो. म्हणजे बैल वाईट आणला तर चढणार! तुफान मी साडूकडे ठेवला आणि त्याच्या जागी सरपंच नावाचा बैल जुंपला. जागेवरून लवकर हलत नाही म्हणून त्याचं नाव सरपंच. नंबर वाढावा म्हणून पैसे मोजून वाईट बैल आणणारा मालक पनवेल तालुक्यात मीच पहिला. लोक हसले. "शेठ, शर्यत लावताय की मिरवनूक काढताय?" असंही एकाने विचारलं. मुलगा रोज पहाटे सरपंचाला गाढी नदीच्या काठाने फिरवायला न्यायचा, त्याच्याशी बोलायचा. काय बोलायचा देव जाणे. माझ्याशी तो इतका कधी बोलला नाही. हंगामभर आम्ही हरलो. पण आधी फर्लांगभराने हरायचो, मग हातभराने हरायला लागलो, आणि शेवटी शेवटी सरपंचाला स्वतःलाच नवल वाटेल असा तो दोन-तीनदा जिंकलासुद्धा.

त्या मे महिन्यात नंबर सुरू झाले. नववा गेला, सातवा गेला, चौथा गेला, तिसरा गेला. मुलाचं नाव नाही. माझ्या हातातली सुपारी फुटेना. "दुसरा," व्याही म्हणाले आणि जावयाकडे बघून मान हलवली. पहिला आला द्रोणागिरीकडचा एक पोक्त ड्रायव्हर, जो एरवी गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. तो त्या कलत्या खुर्चीवर जाऊन बसला आणि खुर्ची त्याच्या वजनाने अजूनच कलली.

मी व्याह्यांना परसात गाठलं. "काय कमी पडलं ते सांगा. माल दाखवा आणि मग भाव बोला."

त्यांनी शेवग्याची एक शेंग तोडली. मग म्हणाले, "हात सोन्यासारखा हाय त्याचा. पन माज्यासमोरनं दोरीकडं निघाला की तो बैलांकडं नाय बघत. मान वळवतो. परत येताना सांगितलं त्यानं मला, कोनाकडं बघतो ते."

"कोणाकडे?"

"तुमच्याकडं. दोरीपाशी उभं राहून तुमी ओरडता ना. आपन कसं हाकतोय हे त्याला तुमचं तोंड बघून कळतं. बैल वजा केला मी, गाडी वजा केली. बाप कसा वजा करू?"

"मी ओरडत नाही," मी म्हणालो. "मी बोलतो."

"गव्हानला ऐकू येतं."

एका नजरेला एक नंबर, हा दर मला तेव्हाही जास्त वाटला आणि आजही वाटतो. पृथ्वीवर कुठला मुलगा बापाकडे बघत नाही? पण हे सांगायला मी तोंड उघडलं तेव्हा ते चहा करायला सांगण्यासाठी आत गेले होते.

गेल्या हंगामात व्याह्यांचे डोळे अधू झाले. काचबिंदू. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलं ते परत येत नाही, राहिलं ते सांभाळा. तरी काही दिवस ते छत्री घेऊन भेंडीखाली जाऊन बसले. मग एका दुपारी मधेच उठून घरी आले आणि विहीणबाईंना म्हणाले, "हात दिसत नाय. आता नंबर नाय." कोणी म्हणालं, आम्ही शेजारी बसून सांगतो. त्यावर त्यांनी छत्री मिटून खुंटीला अडकवली.

हंगामाच्या शेवटच्या शर्यतीला मी गेलो तेव्हा दोरीपाशी ऊन फार होतं. भेंडीखालची जागा रिकामी होती, म्हणून मी तिथे जाऊन बसलो. सावलीसाठी, दुसरं काही नाही. मुलाचा छकडा समोरून गेला. मी इतक्या वर्षांत त्याचे हात कधी नीट पाहिले नव्हते. कासरा त्यांच्यात होता की नव्हता असा होता, आणि सरपंच, तो आळशांचा राजा, कान टवकारून पळत होता. मुलगा पुढेच बघत होता. मग धूळ उठली आणि दोघंही दिसेनासे झाले. दोरीपाशी आरोळी झाली, पण कोणासाठी ते मला तिथून कळलं नाही.

कपड्यांवर धूळ तशीच घेऊन मी सरळ गव्हाणला गेलो. व्याही खुर्चीवर बसले होते, तोंड माझ्या दिशेला नव्हतं.

"आज मान वळवली?" त्यांनी पावलांवरूनच मला ओळखून विचारलं.

"नाही."

"तुमी कुठं होता?"

"झाडाखाली. सावली होती."

"ओरडला?"

"तोंडात पान होतं."

ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असावेत, कारण विहीणबाई आतून बघायला आल्या.

"मग आता द्या पहिला," मी म्हणालो.

"मी बघितला नाय. न तोललेल्या मालाचं वजन कसं सांगू?"

"मी बघितलं की. ह्या डोळ्यांनी."

"तुमी बाप हाय."

"बाप वजा करा!"

ते खुर्चीत मागे रेलले. मला वाटलं, सौदा फिसकटला. मी नेहमीसारखं पुढे सरकलो. "बरं, पहिला राहू द्या. दुसरा तर आहेच. दीड करा. दीड नंबर. तुमचंही नाही, माझंही नाही."

त्यांनी खुर्चीच्या दांड्यावरून हात फिरवला. सुतळी सुटली होती, ती चाचपून पुन्हा बांधली. तेवढ्या वेळात मी चारदा बोलायला तोंड उघडलं आणि चारदा मिटलं. शेवटी म्हणाले, "विचार करतो."

इतक्या वर्षांत त्यांनी मला 'नाय' म्हटलं नाही असं हे पहिलंच. अजून त्यांचा विचारच चालू आहे. मी दर रविवारी गव्हाणला जातो, पायरीवर बसतो, विचारतो. ते म्हणतात, "व्हईल, व्हईल. चहा घ्या." एरवी सौदा असा लांबला तर माझं डोकं फिरतं, मी उठून निघून येतो. इथे चहा घेतो. त्यांचा कप त्यांच्या हातात नीट दिला की नाही ते बघतो, आणि मुलाचा नवा बैल कसा आहे ते सांगत बसतो. हा सौदा लवकर पटावा, असं मला आता वाटत नाही.