सात नंबरचा शेजारी

नेटवर्कच्या धंद्यात किस्से धुळीसारखे जमतात, झटकाल तितके थोडेच. शंकर नगरच्या ऑफिसात आम्ही तिघं: मी, दीपाली आणि आमचे सीनियर धोटे काका. काकांचा एक नियम होता. स्विच, म्हणजे नेटवर्क जोडणारी पेटी, जो बसवेल, त्याचा नंबर त्या स्विचच्या आयडीत शेवटी टाकायचा. काका सात, दीपाली नऊ, मी बारा.

*

पुरानी बस्तीतल्या एका ऑफिसचं नेटवर्क बंद पडलं. मालक डोक्यावर उभा. मी शहाणपणा केला, "कोणी केलं हे सेटिंग, देवच जाणे!"

काकांनी स्क्रीनकडे पाहिलं. "देवाले काहून मधात आणतो? बारा नंबर दिसून राहिला ना बाप्पा!"

*

एकदा दोन स्विच काही केल्या एकमेकांना शेजारी मानेनात. दीपाली दोन तास झटली, मग रडकुंडीला आली. काका म्हणाले, "अवं, हा दहा सेकंदानं हाक मारते अन् तो तीस सेकंदानं. अशानं शेजार टिकते काय?"

दोघांची वेळ सारखी केली. लगेच जुळलं!

*

स्विच दर दहा सेकंदांनी शेजाऱ्याला 'हॅलो' पाठवतो. स्क्रीनवर चाळीसपासून उलटे आकडे पडत असतात. हॅलो आला की पुन्हा चाळीस. शून्य झालं, तर शेजारी मेला असं धरून रस्ता बदलतो. मी एकदा वीसवरच म्हणालो, "मेला, काका."

काका चिडले. "चाळीस सेकंद तरी वाट पाह्य! कोणाले इतक्या लवकर मेला म्हणू नये."

*

काका गेले तेव्हा डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी नुसती मान हलवली. दीपाली घड्याळाकडे पाहत होती. मीही मनात मोजत होतो. चाळीस झाले, तरी आम्ही दोघं मोजतच राहिलो. तेवढं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

बीरगावला त्यांनी बसवलेला जुना स्विच आम्ही काढून आणला आणि ऑफिसच्या कपाटात ठेवला. सात नंबर कोणालाच दिला नाही.

*

आता हा गेल्या उन्हाळ्यातला. बीरगावच्या एका कारखान्यात गॅस गळला तर अलार्म आमच्या नेटवर्कवरून कंट्रोल रूमला जातो. दुपारी मी ऑफिसातूनच एका टोकाच्या स्विचचा शेजाऱ्याशी जुळायचा पासवर्ड बदलला, दुसऱ्या टोकाचा विसरलो आणि जेवायला बसलो. पासवर्ड जुळेना, म्हणून दोन्ही स्विचचा शेजार तुटला. अलार्मला दुसरा रस्ताच नव्हता!

अर्धी पोळी संपली तोच आठवलं. तसाच खरकट्या हातानं कॉम्प्युटरकडे धावलो. तेवढ्यात कारखान्याच्या सुपरवायझरचा फोन.

"भैया, गैस लीक हुआ था। अलार्म टाइम पे बजा, सब लोग बाहर निकल गए। थैंक यू!"

पासवर्ड तर मी अजून दुरुस्तच केला नव्हता.

कंट्रोल रूमचा स्विच स्क्रीनवर उघडला. यादीत एकच शेजारी. नंबर सात.

दीपालीनं कपाट उघडलं. "यहीं है, भैया।" काकांचा स्विच, पेपरवर ठेवलेला, धूळ बसलेला. वायर नाही, वीज नाही.

"पुराना एंट्री अटक गया होगा," ती म्हणाली. मी ती नोंद पुसायला हात पुढे केला. तिनं माझं मनगट धरलं.

"रुको। चालीस सेकंड।"

आम्ही आकडे पाहत बसलो. तेहतीस. बत्तीस. एकतीस.

चाळीस.