ओल्या हातांची धास्ती

रोसेंदा काबाहुग माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आली, तेव्हा तिचे हात बघत राहावेत असे होते. फिलिपिन्समधल्या आमच्या मॅकतान बेटावरच्या एका कारखान्यात ती कॅमेऱ्यांची भिंगं बसवायची. तांदळाच्या कणीएवढं भिंग चिमट्याने उचलायचं, मायक्रोस्कोपखाली खोबणीत अलगद सोडायचं, की लगेच पुढचं. रविवारी ती माझ्याकडे जेवायला बसली की मासा काटे काढायला तिच्याकडेच द्यायचा. माझ्या ताटात चुकूनही काटा येत नसे. गल्लीतल्या सगळ्यांसारखी तीही मला लोला म्हणायची. आमच्याकडे आजीला लोलाच म्हणतात.

मग कारखान्याने टार्गेट वाढवलं आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एक दिवा बसवला. हात मंदावला की पिवळा, माल खराब निघाला की लाल. सगळ्या लाइनला दिसेल असा.

"लोला, आता माझं भिंगाकडे लक्षच नसतं. दिव्याकडे कान असतो."

"दिव्याकडे कान?"

"लागताना टिक् करतो ना तो! परवा भिंतीवरची पाल चुकचुकली तरी दचकले."

आम्ही दोघी हसलो. पण त्याच सुमारास तिचं जेवण कमी झालं. मान आखडायला लागली. झोपेतून उठून ती बोटं मोजल्यासारखी उघडमीट करत बसायची. आणि एके दिवशी कॉफीचा कप खाली ठेवताना तो बशीवर थडथड वाजला. दोघींनीही तो आवाज ऐकला.

कारखान्याच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, कामाचा ताण आहे, विश्रांती घ्या. विश्रांती घेतली तर खाडा लागतो, हे त्याने सांगितलं नाही. रोसेंदाला तर निदानच पटलं नव्हतं.

"ताण खुर्चीत बसणाऱ्या साहेबांना येतो, लोला. आपल्याला पास्मो होतो."

"मग तू काय कारखान्यात उभी असतेस?"

"तुम्ही पण ना!"

खरं तर पास्मोवर माझाही विश्वास आहे. कामाने तापलेल्या हातांवर पाणी पडलं की शिरा आखडतात आणि हात कापू लागतात, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. कॉन्व्हेंटमध्ये नन्स आम्हाला शास्त्र शिकवायच्या, पण इस्त्री झाल्यावर नळाखाली हात धरू देत नसत. मी आजही धरत नाही.

तेव्हा रोसेंदाने जे केलं ते आमच्यातल्या कुणीही केलं असतं. कामावरून आल्यावर तिने हात धुणं सोडलं. सकाळ-संध्याकाळ आल्याचं खोबरेल मनगटापर्यंत चोळायला लागली. आणि दुपारच्या जेवणानंतर भिंगांच्या खोलीत शिरण्यापूर्वी सगळ्यांना साबणाने हात धुवावे लागतात, तिथे ती नुसती रांगेतून सरकून जायची आणि हातमोजे चढवायची. मोजा ओढताना तेलकट बोट बाहेरून लागायचं. भिंगाला तेवढं पुरे.

डोक्यावरचा दिवा वरचेवर लाल व्हायला लागला. लाल दिवा पाहिला की हात जास्त कापायचे. जास्त कापले की ती जास्त तेल चोळायची.

एका रविवारी तिची लाइन लीडर जोव्हिता घरी आली. शेजारच्याच गल्लीत राहते ती. तळलेली केळी घेऊन आली होती, पण पुडी तशीच मांडीवर ठेवून बसली.

"मानांग, तुमच्या भिंगांवर तेल सापडलंय. हात धुता ना?"

मानांग म्हणजे ताई. रोसेंदाने हात मांडीखाली सरकवले.

"धुता की नाही?"

"तापलेल्या हातांवर पाणी घेऊ? तू घेशील?"

"घेते की! रोज घेते. मग घरी जाऊन नवऱ्यावर ओरडते. त्याला विचारा."

"तुझे हात नाही कापत."

"माझं पोट कापतं, मानांग. सकाळचं काही ठरत नाही पोटात." जोव्हिताने आवाज खाली आणला. "हे बघा, वरून एक महिना दिलाय. सुधारलं नाही तर पॅकिंगला टाकतील, आणि पॅकिंगची माणसं नाताळानंतर कमी करणार आहेत. मी सांगितलं असं कुठे बोलू नका."

रोसेंदाचं वय चव्वेचाळीस. बेटावरच्या प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर पाटी असते, वय अठरा ते पंचवीस. ते तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवसापासून जोव्हिता नळापाशी उभी राहायला लागली. रोसेंदा तिच्यादेखत हात धुवायची. तेलही सोडलं. संध्याकाळी ती ते हात माझ्यासमोर धरायची, एखाद्याने जखम दाखवावी तसे.

"आज परत घातलं पाणी. आता हे गेले, लोला. दोन वर्षांत चमचाही धरता येणार नाही मला."

"उगाच काहीतरी बोलू नकोस."

"तुम्ही धुता का इस्त्रीनंतर?"



भिंगं मात्र स्वच्छ निघू लागली. कापणाऱ्या हाताला तिने युक्ती काढली होती. श्वास रोखायचा, भिंग सोडायचं, मग श्वास घ्यायचा. दिवसभर असंच. संध्याकाळी ओठ पांढरे पडलेले असायचे. महिना संपला त्या दिवशी ती जिन्याखालूनच ओरडली, "राहिले, लोला! राहिले मी!" आम्ही शेवयांचा पान्सित केला. जोव्हितालाही बोलावलं.

जोव्हिता जेवली, आणि ताट बाजूला सारत म्हणाली, "मानांग, वरचे खूश आहेत तुमच्यावर. नव्या लाइनवर तुमचं नाव घातलंय."

"कसली नवी लाइन?"

"फोनमधली भिंगं. यांच्या निम्मी असतात. म्हणाले, महिन्यात एवढी सुधारली, तिचाच हात पाहिजे."

"नको म्हटलं तर?"

जोव्हिताने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "जुनी लाइन बंद होतेय."

रोसेंदा हसली. खरोखर हसली, आणि जोव्हिताला आणखी वाढू लागली. डाव शेवयांसकट चटईवर पडला. तिघींनी मिळून शेवया गोळा केल्या.

आता नव्या लाइनला महिना होईल. सकाळी कामावर निघताना रोसेंदा माझ्या दारात येऊन उभी राहते, ब्लाउजचा गळा मुठीत धरून. मी चष्मा लावते आणि तिची बटणं लावून देते. ती छताकडे बघत असते, श्वास रोखून. शेवटचं बटण लागलं की सोडते, आणि गाडी धरायला पळते.