संगणकाची जागल

रानात पिकाची जागल करणारे पुष्कळ असतील, पण संगणकाला डुलकी लागू नये म्हणून दिवसभर त्याच्या उशाशी बसणारा माणूस साऱ्या माळव्यात एकच, आणि तो नेमका माझ्या सासुरवाडीत निघावा याला काय म्हणायचं! माझ्या बायकोचे हे सख्खे मामा. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, देवासला एकटेच राहतात. मामींना जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी बंगळुरूला. आजोबांची कुळाचाराची एक जुनी वही त्यांच्यापाशी आहे: नवरात्रात माळ कशी बांधायची, बोडण कसं भरायचं, कुठल्या सणाला कुठला नैवेद्य. ती सगळी टाइप करून मुलीला पाठवायची, असं त्यांनी मनावर घेतलं. "अहो, नातवंडांना मराठी वाचता कुठे येतंय?" मी एकदा म्हटलं. "न येऊ दे," मामा म्हणाले, "कधी शोधावंसं वाटलं तर सापडायला तरी हवं."

संगणक जुना, पण बिचारा गरीब होता. कुठलंसं अपडेट आलं आणि त्याला खोड लागली. दहा मिनिटं कोणी हात लावला नाही की तो झोपायचा, ते पूर्वीही होतंच. पण आता झोपून उठला की पडदा लख्ख, माऊस पळतोय आणि कीबोर्ड ठार मुका. कुठलंही बटण बडवा, अक्षर म्हणून उमटायचं नाही. मग बंद करून पुन्हा चालू करा, आणि ते धूड उठेपर्यंत पाऊण तास हरी हरी. दुकानदार म्हणाला, "भिया, सबका यही हो रहा है, कंपनीवाले सुधारेंगे." कंपनीवाल्यांची वाट बघत बसतील ते मामा कसले! त्यांनी साधा उपाय काढला: त्याला झोपूच द्यायचं नाही. सकाळी आठला चालू करायचा आणि दिवेलागणीला बंद करेपर्यंत दर थोड्या वेळानं माऊस हलवायचा. दाढी संगणकासमोर, जेवण संगणकासमोर. उजव्या हातात पोळीचा घास, डावा हात माऊसवर. ऐन गप्पांत वाक्य अर्धं टाकून उठायचे, माऊस हलवायचे आणि परत येऊन भलतंच वाक्य पुरं करायचे.

अंघोळीचा मात्र पेच आला. समोरच्या वकिलीणबाई वाटी परत द्यायला आल्या होत्या. वकीलसाहेब जाऊन त्यांनाही बरीच वर्षं झालेली. "जरा बसता का हो? माऊस तेवढा हलवत राहा," असं म्हणून मामा जे न्हाणीघरात शिरले, ते त्या दिवसापासून बाई रोज मेथीची जुडी घेऊन निवडायला तिथंच बसू लागल्या. मग कोपऱ्यावरचे म्हातारे कंपाउंडर आले. दूधवाला तर कॅन बाहेर ठेवून विचारायचा, "मामासाब, आज म्हारी ड्यूटी कदी?" शेवटी दारावर पाळ्यांचा तक्ताच लागला. पाळीवाल्याला चहा-पोहे, वर शेव. मामा वही मोठ्यानं वाचायचे, वकिलीणबाई "छे, आमच्यात असं नसतं" म्हणून आडव्या यायच्या, आणि एक पान टाइप व्हायला आठवडा जायचा.

एकदा धारला लग्नाला निघाले, तर बसमधून दर अर्ध्या तासानं घरी फोन! "झोपला नाही ना? बघा हो, डोळा लागला की गेला!" शेजारचा प्रवासी कळवळून म्हणाला, "घर में कौन बीमार है, बाबूजी?" आणि धार येईपर्यंत त्यानं तीन वैद्यांचे पत्ते दिले. मी नंतर विचारलं, "मामा, एका दिवसापुरता बंद करून का नाही गेलात?" ते म्हणाले, "चालत्या कामाला कुलूप लावू नये, जावईबापू." मला हसू आवरेना.

आणि मग मी शहाणपणा केला. एका रविवारी इंदूरहून गेलो, सेटिंगमध्ये शिरलो आणि झोपेच्या वेळेपुढे 'कधीही नाही' निवडलं. अर्धं मिनिट लागलं नसेल. "घ्या, आता जन्मात झोपायचा नाही!" मामा पडद्याकडे बघत राहिले. "एवढंच होतं?" म्हणाले. मग उठून मला दोन वाट्या बासुंदी वाढली, आणि मी गाढवासारखा चापून खाल्ली.

दोन महिन्यांनी गेलो तेव्हा तक्ता दारावर होता, पण जास्तीच्या खुर्च्या घड्या घालून भिंतीला टेकवलेल्या. संगणक टक्क जागा होता. वही मी पाहिली होती त्याच पानावर उघडी. "वकिलीणबाई येत नाहीत?" "येतील कशाला? काम काय आता त्यांचं इथं?" मामांनी चहा केला. एकच कप केला होता, मग लक्षात आलं तसा माझ्यासाठी दुसरा टाकला. मला फार वाईट वाटलं. चहा संपला. शेवटी खाली बघत ते म्हणाले, "जावईबापू, ते तुमचं... पहिल्यासारखं करून देता का?"

मी करून दिलं. मामा गॅलरीत गेले आणि समोर बघून ओरडले, "अहो बाई, परत झोपायला लागला हो!" वकिलीणबाई अर्धवट निवडलेली मेथी पदरात घेऊन दोन मिनिटांत हजर. मी उठून त्यांना खुर्ची उघडून दिली. मामा पोहे भिजवायला आत गेल्याचं बघून त्या हळूच म्हणाल्या, "मेलं एका बटणाचं काम आहे, हे माझ्या लेकीनं मला दिवाळीतच सांगितलं होतं. तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

पोहे खाऊन मी निघालो. बसमध्ये बसल्यावर खिशातून फोन काढला. "झोपला नाही ना?" विचारलं. "नाही नाही," मामा म्हणाले, "बाई बसल्या आहेत."