कोपऱ्याला खळ नव्हतीच

सात वर्षांपूर्वी लग्नपत्रिकांचा एक पूर्ण लॉट माझ्या हातून बिघडला, आणि त्याचा दोष मी सुशीलाबाईंवर ढकलला. ही गोष्ट मी घरातही कोणाला सांगितली नव्हती.

जुन्या जालन्यात माझे हाताने बनवलेल्या पत्रिकांचे छोटे वर्कशॉप आहे. कागदाची फुले करून ती पत्रिकेवर चिकटवायची, हे आमचे काम. फुले सुशीलाबाई करत, आणि ती चिकटवायला लागणारी मैद्याची खळही त्याच शिजवत. त्या मूळच्या धावड्याच्या, लग्न होऊन जालन्यात आलेल्या. त्यांच्या हातची शेवंती पाहून गिऱ्हाईक आधी वास घेई आणि मग ओशाळून हसे.

फुलांच्या मागून वरच्या कोपऱ्यापर्यंत पानांची जी उठावदार नक्षी जाते, ती मात्र मी करतो. त्यासाठी कटिंग डाय वापरतो. डाय म्हणजे धारदार कडांचा पातळ पोलादी साचा. त्याचे खरे काम कापण्याचे. डायवर कागद आणि कागदावर कडक प्लेट ठेवून हँडलच्या मशीनमधून काढले, की पान कापून वेगळे होते. कडक प्लेटऐवजी रबरी शीट ठेवली तर रबर दबते. कागद कापला जात नाही, फक्त वाकतो, आणि पानांच्या कडा वर उठतात. दाब वाढवायचा असेल तर खाली पुठ्ठ्याचे तुकडे घालतात. त्याला पॅकिंग म्हणतात. कागद उठणे आणि कागद कापला जाणे, यांत कधीकधी एकाच पुठ्ठ्याचे अंतर असते.

त्या वर्षी धान्याचे एक व्यापारी शेठ मुलीच्या लग्नाचे काम घेऊन आले. घराणे राजस्थानातले, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. नमुन्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"नक्षी दबलेली आहे. बोट फिरवलं की समजलं पाहिजे. काय?"

"होऊन जाईल, शेठजी."

मी एक पुठ्ठा वाढवला. उठाव सुरेख आला. निम्मा लॉट झाल्यावर एक पत्रिका सवयीने खिडकीसमोर धरली. पानांच्या कडेने केसाएवढी उजेडाची रेष दिसली. याचा अर्थ कागदाचे तंतू तुटू लागले होते. अशा वेळी मशीन थांबवायचे, पॅकिंग काढायचे आणि झालेला माल बाजूला करायचा, हा नियम मीच इतरांना शिकवलेला. पण लग्नाची पत्रिका उजेडात धरून कोण पाहतो, असे मी मनाशी म्हटले. मी हँडल फिरवत राहिलो. पुढची एकही पत्रिका खिडकीसमोर धरली नाही.

माल पोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः आले. हातात एकच पत्रिका होती.

"हे पाहा. आईने गणपतीपुढे ठेवायच्या पत्रिकेला कुंकू लावलं, तर पान बोटाला चिकटून बाहेर आलं. देवाची पहिलीच पत्रिका फाटली! आईने सकाळपासून पाणी नाही घेतलं. ह्या पत्रिका बिलकुल नाही चालणार."

भोक वरच्या कोपऱ्यात होते. पानाच्या आकाराचे, स्वच्छ. फुले सगळी खालच्या बाजूला होती. वरच्या कोपऱ्याला खळीचा थेंबही लागलेला नव्हता. हे मला एका नजरेत कळले. शेठजींना कळले नाही.

"खळ पातळ झाली असेल," मी म्हणालो. "कागद भिजला की कमजोर पडतो."

मी नाव घेतले नाही. घेण्याची गरजही नव्हती. कामावरच्या बाकीच्या तिघींनी सुशीलाबाईंकडे पाहिले.

"म्या तर रोजच्यासारखीच केल्ती, भाऊ," त्या म्हणाल्या. "सकाळी तुम्हीच बोट बुडवून पाह्यली ना."

"थोडं लक्ष पाहिजे, बाई."

त्या आपल्या बोटांकडे पाहत राहिल्या. "मंग चुकलं असंल माझंच," त्या हळू म्हणाल्या.

मी पॅकिंग काढून सगळा लॉट चार दिवसांत पुन्हा केला. शेठजींच्या आईंनी नव्या पत्रिकेला कुंकू लावले, पान जागचे हलले नाही. मला लग्नाचे जेवणही मिळाले. सुशीलाबाईंना मी फुलांवरून काढून कागद मोजायला बसवले. दोन दिवस त्या आल्या, तिसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. कोणी विचारले की मी सांगे, मी काही त्यांना काढले नाही. वाक्य खरे होते, म्हणूनच मला ते इतकी वर्षे वापरता आले.

गेल्या महिन्यात त्या अचानक दारात उभ्या राहिल्या. भाचीच्या लग्नाच्या पत्रिका करायच्या होत्या. जुन्यांपैकी कमलबाई अजून माझ्याकडे आहेत. त्यांनी बसल्या जागेवरूनच हाक मारली.

"ये, ये! तू गेली अन् आमच्या शेवंत्या पार गोबी होऊन राह्यल्या बघ. भाचीची फुलं तरी तूच कर."

"न्हाई गं बाई," सुशीलाबाई म्हणाल्या. "तुम्हीच लावा. माझा हात वला पडतो. देवाची पत्रिका फाटल्ती माझ्या हातानं. पोरीच्या लग्नाला कशाला?"

"घरी तरी करत असाल?" मी विचारले.

"महालक्ष्म्यांपुढंसुद्धा इकतची फुलं ठेवते, भाऊ. भ्याव वाटतं."

सात वर्षांत त्यांनी एकही फूल केले नव्हते. त्यांना दुसरीकडे काम मिळाले असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. माझ्या एका वाक्यावर त्यांनी स्वतःच्या हातांपेक्षा जास्त विश्वास ठेवला होता.

शेठजींनी टाकून दिलेली ती पत्रिका मी ड्रॉवरच्या तळाशी ठेवली होती. का ठेवली, ते मला सांगता येत नाही. नवीन माणसांना मी आजही सांगतो, की शंका आली की कागद खिडकीसमोर धरा. स्वतःचा कागद धरायला मला सात वर्षे लागली. मी पत्रिका काढली, खिडकीपाशी गेलो आणि मशीन थांबवायला सांगितले. कमलबाईही उठून जवळ आल्या.

"सुशीलाबाई, हा कोपरा पाहा. इथे खळ लागलेलीच नव्हती. पुठ्ठा मी जास्त घातला होता. बाकीच्या पानांच्या कडेला ही उजेडाची रेष दिसते ना, ती मला तेव्हाच दिसली होती, तरी मी मशीन फिरवत राहिलो. तुमची खळ बरोबर होती, तुमचा हात बरोबर होता. खोटं मी सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून हेही सगळ्यांसमोर बोलतो. चूक माझी होती. मला माफ करा."