तीन गठ्ठ्यांतला एकच प्रयोग
झेरॉक्सच्या गरम कागदांचा वास आला की सोलापुरातल्या आमच्या कॉलेजसमोरचे दुकानदार चाचा आठवतात. व्यायामाने मनावरचा ताण हलका होतो का, यावरच्या प्रयोगांचे जे आढावे इतरांनी आधीच घेतले होते, त्यांचाच मी तेव्हा प्रबंधासाठी आढावा घेत होतो. म्हणजे लोकांनी दळलेलं पुन्हा दळत होतो. दुसऱ्या दिवशी प्रबंध द्यायचा होता. प्रत्येक आढाव्यातल्या मूळ प्रयोगांचा वेगळा गठ्ठा मी छापायला दिला. तिसऱ्या गठ्ठ्यावर चाचा थांबले. "सर, हा कागद तिसऱ्यांदा आला की!" "चाचा, संशोधन आहे हे, तुम्ही छापा," मी ऐटीत म्हणालो. त्यांनी तिन्ही कागद काउंटरवर शेजारी मांडले. तिन्ही आढाव्यांत तोच एक प्रयोग आला होता आणि मी त्याचे तीन पुरावे मोजून छाती फुगवली होती! "मग व्यायामानं बरं वाटतं का न्हाय?" चाचांनी काळजीनं विचारलं. "वाटतं, पण मी लिहिलंय तेवढं नाही." सगळी मोजणी पुन्हा करण्यात प्रबंध महिनाभर लांबला. तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न या दुबार मोजणीवर आला आणि मी असं उत्तर दिलं, जणू ही अक्कल माझ्याकडे जन्मापासून होती. आता विद्यार्थ्यांना ती खबरदारी शिकवताना ती चाचांची आहे, हे मी आधी सांगतो. विद्वान दिसायची हौस एकदा भागली तेवढी पुरे.